काजळी की मैदा

मी शीआनला चिनी शिकायला गेले, असं आमच्याकडे सगळ्यांना सांगतात. विद्यापीठाच्या कागदांवरही तसंच लिहिलं होतं. खरं म्हणजे मला एका भांडणाचा निकाल आणायला पाठवलं होतं. लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाच्या तोंडाला काय फासायचं, काजळी की मैदा, एवढंच मला विचारून यायचं होतं. तो निकाल लागेपर्यंत माझं लग्न टांगणीला होतं, कारण नवरा मुलगा म्हणजे माझा इस्मार आणि बाप म्हणजे माझे होणारे सासरे.

आम्ही दुंगान, म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. आजोबांचे आजोबा चीनच्या शेन्सी प्रांतातून जीव मुठीत धरून डोंगर ओलांडून आले आणि चू नदीच्या काठी लसूण लावून बसले. आता नदीच्या अलीकडे किर्गिझस्तान, पलीकडे कझाकस्तान, मधे पूल आणि पुलावर झोपाळू शिपाई. आमचं घर अलीकडे, इस्मारचं पलीकडे. इस्मार शाळेत भूगोल शिकवतो, जगातली सगळी वाळवंटं त्याला पाठ आहेत, पण बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमच्या लग्नात पाहुणे नवऱ्या मुलाच्या आईबापांना धरतात, कढईच्या बुडाची काजळी तेलात कालवून त्यांच्या तोंडाला फासतात, गळ्यात कांद्यांच्या माळा घालतात आणि अंगणभर फिरवतात. तोंड जितकं काळं तितका मान मोठा. एखाद्याचं तोंड स्वच्छ राहिलं तर बायका हळहळतात, की बिचाऱ्याला चार मित्रसुद्धा नाहीत. अलीकडच्या काठावर ही लग्नं कोण लावतं? माझे आजोबा, आर्ली. कुणी कुठं बसायचं, कुठला पदार्थ कुणापुढे आधी, वधूनं मान किती खाली घालायची, सगळं त्यांच्या एका भुवईवर चालतं.

तर सुपारी फोडतात तसा आमच्यात चहा होतो. त्या चहाला इस्मारचे वडील याकूप साहेब आले. साहेब म्हणायचं, कारण ते पलीकडच्या गावाच्या कचेरीत उपप्रमुख आहेत, प्रमुखाची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि त्यांनी तोंडात पांढरेशुभ्र नवे दात बसवून घेतले होते. सगळं गोडीनं चाललं होतं. जेवणाचे पदार्थ ठरले, तारीख ठरली. मग याकूप साहेब वाडगा खाली ठेवून म्हणाले, "एक बारीकसं. काजळी नको. मैदा लावा."

आजोबांनी भुवई वर केली. "काय लावा?"

"मैदा. मूळ गावात मैदाच लावायचे. इथं आल्यावर आपल्या लोकांना मैदा खायला पुरेना, तोंडाला कुठून फासणार? म्हणून काजळीवर आले. आता देवाच्या दयेनं मैदा पोत्यांनी आहे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जुन्या लोकांनी."

"जुना मी आहे," आजोबा म्हणाले. "मी नाही सांगितलं."

"तुम्ही अलीकडचे जुने. मी पलीकडच्या जुन्यांचं बोलतोय."

"साहेब, सरळ सांगा ना, फोटोची भीती वाटते. काळं तोंड वरच्या कचेरीत पोचलं तर खुर्ची जाईल."

"माझ्या खुर्चीचा इथं काय संबंध?" याकूप साहेबांचे नवे दात चमकले.

"अहो, पण लग्न माझं आहे, मला..." मी बोलायला गेले.

"तू चहा ओत," दोघं एकदम म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

आजोबांनी वाडगा पालथा घातला. पालथा वाडगा म्हणजे बोलणं संपलं. आईनं डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. इस्मार भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सरोवराकडे बघत राहिला, त्याची खोली किती मीटर असेल याचा विचार करत असणार. मला इतका संताप आला की किटली तशीच दाणकन चुलीवर आपटली. माझ्या लग्नाची गाडी एका म्हाताऱ्याच्या गालावर येऊन अडकली होती.

तोड काढली ती याकूप साहेबांनीच. "पोरगी शिकायला शीआनला जायचं म्हणत होती ना? जाऊ दे. तिथंच विचारू दे. मूळ गाव म्हणेल ते मला मान्य."

"मलाही," आजोबा झटकन म्हणाले, कारण मूळ गाव आपलंच म्हणणार याची त्यांना खात्री होती. याकूप साहेबांचा हिशेब वेगळा होता. मूळ गाव सापडणारच नाही, आणि तोवर खुर्ची मिळून जाईल.

शीआनला माझ्या वर्गात दोन कोरियन, एक ब्राझीलचा मुलगा आणि एक मंगोल मुलगी होती. त्यांना चिनी येत नव्हती, म्हणून ते सुखी होते. मला येत होती, पण ती आमची, दीडशे वर्षं लसणाच्या वाफ्यात मुरलेली. मी विमानाला वाऱ्याची होडी म्हणायचे आणि पोलीसचौकीला दरबार. पहिल्याच आठवड्यात टॅक्सीवाल्यानं गाडी बाजूला घेऊन मागे वळून बघितलं आणि विचारलं, "ताई, आमची पणजी तुमच्या अंगात तर नाही ना आली?" आमच्या शिक्षिका शू मॅडम माझ्या निबंधावर लाल शाईनं लिहायच्या, "फार सुंदर. असं आता कुणी बोलत नाही. पुन्हा लिहा." ब्राझीलच्या मुलाला सत्तर गुण आणि मला एकेचाळीस. ज्या भाषेत आईनं मला रागावून मोठं केलं, तिच्यात मी नापास होत होते.

आणि रोज फोन. आधी आजोबा. "विचारलंस का?" मग तासाभरानं इस्मार, आवाज खाली घेऊन. "बाबा विचारतायत, विचारलंस का?"

"तू काय म्हणतोस?" मी त्याला एकदा खडसावलं. "तुला काजळी हवी की मैदा?"

"मला तू हवीस," तो म्हणाला.

"हे तुझ्या बापाला सांग."

"आज जरा ते कामात आहेत."

मी शहरातल्या आमच्या धर्माच्या मोहल्ल्यात जाऊन विचारलं. मेंढीचं मटण विकणाऱ्या बाईनं सुरी थांबवून विचार केला. "आमच्याकडे हॉटेलात होतं बाई. तोंडाला केकचं क्रीम लावतात." मशिदीजवळ बाकावर बसणारे एक आजोबा होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही ते पळून गेलेले लोक ना? अगं, ज्यांना माहीत होतं ते सगळे तुमच्याबरोबर गेले. आम्ही तर तुमची वाट बघतोय. तूच सांग, काय लावायचे?"

क्रीमचा तिसरा पर्याय मी घरी कळवला नाही.

मग शू मॅडमनीच पत्ता लावला. त्यांच्या ओळखीतल्या कुणाकडून वेई नदीकाठचं शिमातुन नावाचं गाव सापडलं. आजोबा लहानपणापासून ज्या तीन खुणा घोकत आले होते, त्या तिथं जुळत होत्या: गावाच्या पूर्वेला दगडी घोडा, मधे वाकडी विहीर, दक्षिणेला डोंगराचा सुळका. मी आजोबांना कळवलं तेव्हा म्हातारा फोनवर रडला. मलाही भरून आलं. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "आता विचार."

मी शिमातुनला पोचले तेव्हा वेशीवर लाल कापड बांधलेलं होतं: 'पूर्वजांचं मनःपूर्वक स्वागत.' मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कुणीच नव्हतं. पूर्वज म्हणजे मीच होते, जीनची पँट घातलेली, पाठीवर सॅक, बसमध्ये उलटी होऊन उतरलेली.

गावाचे सचिव क्वो पुढे आले. गोल चेहऱ्याचा, सदा घामेजलेला माणूस. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. "जुहरा बाई, या, आपल्या घरी या. काळजी करू नका, तुमच्यासाठी भांडी नवीन घेतली आहेत, सगळीच्या सगळी. तुमच्या धर्माच्या खाटकाकडून मटण आणलंय. सुरीसुद्धा नवीन."

मला गहिवरून आलं. "तुम्ही आमच्यापैकीच का?"

"छे छे," क्वो म्हणाले. "आम्ही शेजारच्या हनान प्रांतातले. तुमचे लोक निघून गेल्यावर गाव ओसाड पडलं. मग तिकडं दुष्काळ पडला आणि आमचे खापरपणजोबा इथं येऊन राहिले. घरं तयारच होती."

"मग आमच्या लोकांपैकी इथं..."

"कुणीच नाही. विहीर मात्र तुमचीच. आम्ही फक्त पंप बसवला."

मी वाकड्या विहिरीच्या काठावर बसले. दगडी घोड्याला डोकं नव्हतं. दीडशे वर्षं आमच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत ज्या गावाचं नाव घेतलं गेलं, त्या गावात आमचं म्हणायला एक कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शिमातुनच्या लोकांनी मला वाईट वाटायला फुरसतच दिली नाही. माझ्यासमोर हातभर लांब ओढलेल्या नूडल्सचा वाडगा आला, दुसरा आला, आणि तियान आजी नावाची एक बिनदाताची म्हातारी माझ्याजवळ बसून माझा दंड चाचपत म्हणाली, "पूर्वज फार वाळलेत हो."

खाणं झाल्यावर क्वो मला एका नव्या अंगणात घेऊन गेले. लाल कंदील, लाकडी गाडी, रेशमी पडदे, तिकिटाची खिडकी. गावानं पर्यटकांसाठी जुन्या पद्धतीचं लग्न दाखवायचं ठरवलं होतं. खोटी वधू रोज दुपारी, रविवारी दोनदा.

"एका बाबतीत आमचं अडलंय," क्वो म्हणाले. त्यांनी घाम पुसला. "आमचे तज्ज्ञ सांगतात, सासऱ्याच्या तोंडाला काहीतरी फासायचे. पण गावात दोन पक्ष पडलेत. बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही सांगा, काय फासायचे?"

"हेच विचारायला मी आलेय."

"आम्हाला?"

"तुम्हाला."

दोघंही काही वेळ दगडी घोड्यासारखे उभे राहिलो. मग मी म्हटलं, "तुमच्या तज्ज्ञांना कुठून कळलं?"

"त्यांच्याकडे पुरावा आहे. इंटरनेटवर सापडलेली चित्रफीत." क्वोंनी अभिमानानं फोन काढला. पडद्यावर अंगण दिसलं, धूर, कढया, बायकांची पळापळ आणि मधे एक म्हातारा, हात काळे, कुणाच्या तरी बापाचं तोंड दोन्ही हातांनी लिंपत असलेला. म्हातारा कॅमेऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "मूळ गावात अगदी असंच करतात."

ते आमचं अंगण होतं. ते माझे आजोबा होते. मागे लसूण सोलत बसलेली, फ्रॉकमधली, नाकातून शेंबूड वाहणारी मुलगी मी होते.

मी तिथूनच आजोबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आनंदाचा चीत्कार आला. "बघ! मी म्हणत नव्हतो? मूळ गावसुद्धा काजळीच म्हणतं!"

"आजोबा, मूळ गाव तुमच्याकडे बघून म्हणतंय."

"मग? बरोबर माणसाकडे बघतंय."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मूळ गाव," आजोबा म्हणाले. "आणखी कोण सांगणार?"

पाच मिनिटांत बातमी पूल ओलांडून गेली, कारण लगेच इस्मारचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. "बाबा म्हणतात हा पुरावा धरता येणार नाही. ज्याची तक्रार तोच साक्षीदार. ते म्हणतात लग्न पुढच्या वर्षावर टाका."

"पुढच्या वर्षी काय होणारे? दगडी घोडा बोलणारे का?" मी ओरडले. सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. क्वोंनी विचारलं तेव्हा माझा बांध फुटला. मी त्यांना काजळी, मैदा, खुर्ची, पालथा वाडगा, सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडले. इस्मारशी लग्न करायची माझी साधी इच्छा होती. त्यासाठी मी एका भाषेत नापास होत होते, एका गावाची पूर्वज झाले होते, आणि तरी माझं लग्न होत नव्हतं.

तियान आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोपं आहे. दोन्ही लावून बघा. शोभेल ते खरं."

क्वोंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. रविवारी त्यांनी गावच्या चौकात मोठा पडदा लावला, सिनेमाला लावतात तसा. तिकडे याकूप साहेबांच्या अंगणात इस्मारनं फोन उभा केला. आजोबा पूल ओलांडून स्वतःची काजळी स्वतः डब्यात घेऊन आले होते, पलीकडच्या काजळीवर त्यांचा भरवसा नव्हता. याकूप साहेब इस्त्रीच्या कोटात, शेजारी माझी होणारी सासू मैद्याची परात घेऊन. इकडे चौकात सगळं शिमातुन बाकांवर बसलं होतं, मांडीवर पोरं, हातात भाजलेल्या बिया.

याकूप साहेब नकार द्यायच्या तयारीनंच आले होते. ओठ घट्ट मिटलेले होते. पण त्यांनी पडद्यातून चौक पाहिला, बाकांच्या रांगा पाहिल्या, आणि क्वो ध्वनिक्षेपकावर बोलले, "शेन्सीच्या जुन्या रीतीचे थोर जाणकार, आदरणीय याकूप महोदय आता आम्हाला दाखवतील." सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. याकूप साहेबांचे ओठ सैल पडले. कचेरीत त्यांच्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"आधी मैदा," ते घसा साफ करून म्हणाले.

सासूबाईंनी मैदा लावला. आधी हळूच, मग जरा मनापासून, मग इतक्या वर्षांच्या संसाराचं काहीतरी आठवून भसाभसा. याकूप साहेब खोकले. पडद्यावर डोळे मिटलेला एक मोठा पांढरा गोळा दिसत होता.

चौकात शांतता पसरली. एका पोरानं विचारलं, "आई, हा वाफवायचा राहिला का?"

"आजारी दिसतो हो," तियान आजी म्हणाली. "असा बाप दारात उभा असेल तर नवरी पळून जाईल."

हे सगळं ध्वनिक्षेपकातून चू नदीपर्यंत पोचलं. याकूप साहेबांनी डोळे उघडले. मला वाटलं आता संपलं. आजोबा डब्याचं झाकण उघडून पुढे सरकले, पण हात लावायची त्यांचीही हिंमत होईना. दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. मग याकूप साहेबांनी सगळ्या शिमातुनकडे एकदा पाहिलं, कोट काढून इस्मारच्या हातात दिला आणि गाल पुढे केला. "लावा. मैद्यावर बसेल का?"

"उलट छान बसेल," आजोबा म्हणाले. "अस्तर होतं."

काजळीचा पहिला पंजा गालावर पडला आणि चौकात जो आरडाओरडा झाला, तसा मी आजपर्यंत कुठल्याच लग्नात ऐकला नव्हता. बाया बाकांवर चढल्या. कुणी फटाके लावले. याकूप साहेब हसले, काळ्याभोर तोंडात ते नवे दात असे काही लखलखले की शिमातुननं पुन्हा टाळ्या वाजवल्या. "दुसराही गाल! हनुवटी राहिली!" लोक ओरडत होते, आणि याकूप साहेब स्वतः चेहरा फिरवून दाखवत होते, "इथं दिसतंय का? मागच्यांना दिसतंय का?" सासूबाईंनाही काजळी लागली, त्यांनीही दोन शिव्या देऊन ती लावून घेतली.

"काजळी लागली!" आजोबांनी दोन्ही काळे हात वर केले. "लग्न सुरू झालं!"

इकडे मी हातात बियांची पुडी घेऊन उभी होते. सुरू झालं म्हणजे काय? मी शीआनच्या बाहेर, इस्मार तिकडे कोट धरून, आणि लग्न सुरू.

तेवढ्यात तियान आजीनं विचारलं, "मग ते धुवायचं कधी?"

आजोबांचे हात खाली आले. याकूप साहेबांनी आजोबांकडे पाहिलं. क्वोंनी वही उघडली, लेखणी सरसावली आणि पडद्याकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे ज्याला जेव्हा आठवतं तेव्हा तो नळावर जाऊन धुतो. पण सगळं मूळ गाव वाट बघत होतं. आजोबांची भुवई फडफडली आणि बसली. मग हळूहळू चौकातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली, आणि पडद्यावरचीही. या सगळ्या भानगडीत पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. "नवी सून घरी आली की तिनं स्वतःच्या हातानं पाणी ओतून सासऱ्याचं तोंड धुवायचं," मी म्हणाले. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

"अर्थात!" आजोबा गरजले. "तशीच रीत आहे!"

"आमच्या काठावर तर अगदी कडक पाळतात," याकूप साहेब म्हणाले.

क्वोंनी लिहून घेतलं.

"मग ये की!" याकूप साहेब पडद्यातून म्हणाले. "उद्याच निघ. मंगळवारी कचेरीत बैठक आहे माझी."

"माझी परीक्षा आहे," मी म्हणाले. "परीक्षा झाल्याशिवाय मी येणार नाही."

आणि फोन बंद केला.

परीक्षेपर्यंतचे ते दिवस मी मान मोडून अभ्यास केला. विमानाला विमान म्हणायला शिकले. रात्री आईशी बोलताना जुनं बोलायचे आणि सकाळी वर्गात नवं, दोन चपला बदलाव्यात तसं. इस्मार रोज बातमी द्यायचा. याकूप साहेब काळ्या तोंडानं बैठकीला गेले होते. वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, सुनेची वाट बघतोय. पुलावरच्या शिपायानं पासपोर्टावरचा फोटो आणि माणूस अर्धा तास ताडून पाहिला आणि शेवटी दातांवरून सोडलं. झोपेत उशीला काजळी लागायची, म्हणून सकाळी सासूबाई पुन्हा हात फिरवायच्या. स्वतःचं तोंड त्यांनी दुसऱ्याच दिवशी साबणानं धुतलं होतं, रीत सासऱ्यापुरतीच आहे असं म्हणून. प्रमुखाची खुर्ची मात्र दुसऱ्याच कुणाला मिळाली.

"काळ्या तोंडामुळे?" मी विचारलं.

"माहीत नाही," इस्मार म्हणाला. "बाबा काही बोलत नाहीत. तू कधी येतेस एवढंच विचारतात."

मी ठरवलं, गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं. रीतबीत काही नाही, मी रागानं बोलले होते. म्हणाल तर लग्न मोडा.

परीक्षेत मला त्र्याहत्तर गुण मिळाले. शू मॅडमनी शेरा दिला, "बरी प्रगती. जुनं पूर्ण विसरू नये."

मी पलीकडच्या अंगणात उतरले तेव्हा दोन्ही काठांवरची माणसं जमली होती. कढया धडधडत होत्या. मला लाल-हिरव्या रेशमात गुंडाळून, केसात खंडीभर आकडे खुपसून बाहेर आणलं. आजोबांची भुवई माझी मान खाली-वर करत होती. मधे एका चौरंगावर याकूप साहेब बसले होते. तोंड कोळशासारखं, मानेपाशी रेघ, तिथून पुढे पांढरा सदरा. ते वाळले होते. मोठा दरारा असलेला तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसला होता, आणि मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

सासूबाईंनी माझ्या हातात पाण्याची झारी दिली. मी वाकले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, ही रीत खोटी आहे. त्या दिवशी माझ्या तोंडाला आलं ते मी बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"माझ्या लग्नात माझ्या बापानं स्वतःचं तोंड स्वतःच नळावर जाऊन धुतलं गं. तेवढं आठवतं मला."

"मग इतके दिवस? खुर्ची गेली तुमची!"

त्यांनी मान वर केली. काजळीतून दोन म्हातारे डोळे माझ्याकडे बघत होते.

"आमच्या गल्लीतून तिकडं शिकायला गेलेल्या तिघीजणी परत आल्या नाहीत," ते म्हणाले. "तिकडं सगळं मोठं, झगझगीत. वर मूळ गाव. तू फोन बंद केलास तेव्हा पोरगं माझं रात्रभर ओट्यावर बसून होतं. त्याला बोलता येत नाही, मला येतं, पण मी बोललो असतो तर तू ऐकलं नसतंस. म्हटलं, तोंड असंच राहू दे. तुला दया तरी येईल, नाहीतर हसू तरी. दोन्हीतलं एक आलं तरी पोरगी येईल."

मागून आजोबा ओरडले, "पाणी! पाणी ओत! काय कुजबुज चाललीय?"

याकूप साहेबांनी चेहरा पुढे केला आणि डोळे मिटले. मी झारी तिरकी केली आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या गालावरून बोटं फिरवली. काजळी तेलाची होती, नुसत्या पाण्यानं निघत नव्हती. इस्मार साबण घेऊन धावत आला.